सैल

"मी 'चला' म्हणेपर्यंत कोणी जागचं हलायचं नाही," असं इब्राहीम परकार एकदा म्हणाला होता, आणि तेही स्वतःच्या लग्नात.

फोटोसाठी दोन्हीकडची माणसं मांडवात उभी राहिली होती. नवरदेवाने सवयीने वर पाहिलं. मधोमध टांगलेल्या झुंबराची गाठ त्याला पसंत पडली नाही. शेरवानी घातलेला तो माणूस स्टुलावर चढला, गाठ सोडली, पुन्हा मारली, दोनदा ओढून पाहिली, मग खाली उतरून म्हणाला, "चला." तोवर खरंच कोणी हललं नव्हतं. त्याच्या आवाजात तसं काही होतं. नवरी मासूमा तेव्हा पदराआड हसली. पुढे संसारात त्या हसण्याची जागा एका उसाशाने घेतली, पण तोही रागाचा नव्हता.

इब्राहीमचं गाव हर्णैच्या पलीकडे, खाडीच्या तोंडाशी. बाप मचव्यावर तांडेल, होडी हाकणारा. घरात तो फारसा बोलत नसे, आणि मचव्यावर तर दोनच शब्द बोलायचा, 'ताण' आणि 'सैल'. ताण म्हटलं की दोर ओढायचा, सैल म्हटलं की सोडायचा. विचार करायला वेळ घेतला तर हाताची साल जायची. त्यामुळे अक्षरं शिकायच्या आधी इब्राहीम हे दोन शब्द शिकला, आणि ते कानातून डोक्यात न जाता सरळ हातात जायला लागले. पुढे मुंबईच्या गोदीत आणि तिथून सौदीत रास तनुऱ्याच्या रिफायनरीत आल्यावर त्याने हेच केलं. क्रेनचा आकडा, तारेचे दोर, हवेत लोंबणारं काही टन लोखंड, आणि खाली उभा राहून हातांच्या खुणांनी ते नेमकं जागेवर उतरवणारा हा माणूस, रिगर. त्याच्या हाताखाली नेपाळी होते, बंगाली होते, केरळचे होते. दोर ढिला सोडायचा तेव्हा ते सगळे 'सैल' म्हणायचे. तो शब्द त्यांनी इब्राहीमकडूनच उचलला होता आणि तो मराठी आहे हे त्यांच्यातल्या कोणालाच ठाऊक नव्हतं.

सौदीत आल्यावर दुसऱ्याच उन्हाळ्यात तो चहाचा ग्लास जमिनीवर ठेवून हात धुवायला गेला. परत आला तेव्हा तिथे पाइपांचा भारा पडलेला होता. कोणाला काही लागलं नाही. कोणाची चूकही निघाली नाही, तारेतच दोष होता. भारा उचलल्यावर खालून स्टीलचा ग्लास निघाला. तो कागदासारखा चपटा झाला होता आणि त्याच्या कडेला चहाचा डाग अजून ओला होता. इब्राहीमने तो ग्लास ठेवून घेतला नाही, कोणाला दाखवलाही नाही. पण त्या दिवसापासून जगात जे जे काही डोक्यावर होतं ते सगळं त्याच्या लेखी टांगलेलं झालं.

मग घरातला पलंग तिरका झाला, कारण पंखा नेमका वर यायचा. बाजारात तो पाट्यांखालून जात नसे, उन्हातून जाई. मशिदीत झुंबराखालची जागा रिकामी असली तरी मागच्या रांगेत उभा राही.

"इब्राहीमभाईंना मोकळ्या वाळवंटात नेऊन बसवलं ना," त्याच्याच कामावरचा नाशिकचा इंजिनिअर सुशील देवरे म्हणायचा, "तरी ते चंद्राची गाठ तपासून बघतील."

"चंद्र कोणी बांधलाय ते मला ठाव हाय," इब्राहीम म्हणायचा. "मी माणसांनी बांधलेल्याला भितो."

हे खरं नव्हतं. तो सगळ्यालाच भ्यायचा.

त्याची मुलगी निदा सौदीतच जन्मली, तिथल्याच इंडियन स्कूलमध्ये शिकली. बापाने मराठीत विचारलेल्या प्रश्नाला इंग्रजीत उत्तर द्यायची आणि आईने विचारलं तर हिंदीत. शाळेत अरबी सक्तीची होती, तीही तिला चांगली यायची. इब्राहीमची अरबी वेगळी. लहानपणी मदरशात घोकलेली एक अरबी त्याच्या जिभेवर होती, अर्थाविना, पण उच्चारात खोट नसलेली. दुसरी साइटवरची, यल्ला म्हणजे चला आणि खलास म्हणजे संपलं, यांच्या मधे जेवढी मावेल तेवढी. या दोहोंच्या मधली जी अरबी माणसं एकमेकांशी बोलतात, ती त्याला इतकी वर्षं राहूनही आली नाही. गरज पडली की निदा होती.

ती पुण्याला इतिहास शिकायला गेली, तिथे मराठीही बोलायला लागली आणि नोव्हेंबरच्या सुट्टीत घरी आली, तेव्हा तिने मोबाइलवर त्याला एक चित्र दाखवलं. लालसर खडकावर कोरलेला एक माणूस. हातात धनुष्य. त्याच्या कमरेपासून दोन रेषा निघालेल्या, एकेक रेषा एकेका कुत्र्याच्या गळ्यात.

"सी, अब्बा. हजारो वर्षांपूर्वीचा रिगर."

इब्राहीमने चष्मा लावला. त्या रेषांवर बोट फिरवलं. "एक दोर ताणलेला आहे," तो म्हणाला. "दुसरा सैल. हा डावीकडचा कुत्रा थांबलाय."

"एक्झॅक्टली! कोणाच्याच लक्षात येत नाही हे. मला तिथे जायचंय. तुम्हीच चला बरोबर."

हाइल शहराच्या पुढे, एका घळीत होतं ते. घळ हा शब्द ऐकूनच इब्राहीमने मोबाइल तिच्या हातात परत दिला. दोन्ही बाजूंना उभे कडे म्हणजे डोक्यावर दोन्हीकडून टांगलेलं. त्याने रजेचं कारण सांगितलं, गाडीचं सांगितलं. सुशीलने आपली मोठी गाडी पुढे केली आणि मासूमाने शेवटचं सांगून टाकलं, "पोर चार दिवसांसाठी आलीय. तुम्ही येणार नसाल तर मी नेते तिला. माझे गुडघे गेले तरी चालतील."

"नेतो," इब्राहीम म्हणाला. "पण बाय, एक ऐक. मी सांगेन तिथेच उभं राहायचं. मी सांगेपर्यंत हलायचं नाय."

"ओके, ओके. प्रॉमिस."

"ओके नको. होय म्हण."

"होय, अब्बा."

*

घळीच्या तोंडाशी, उंच काठावर एक काळा तंबू होता. त्यात अबू सालेम नावाचा, वाळवंटात उंट-बकऱ्या राखणारा म्हातारा बद्दू राहायचा. चित्रं बघायला येणाऱ्यांना तोच आत सोडायचा. सुशीलने गाडी खालच्या सपाट वाळूत लावली. म्हाताऱ्याने गाडीकडे पाहिलं, मग पश्चिमेकडे पाहिलं. तिकडे फार लांब, डोंगरांच्या कडेला, कोळशाने ओढल्यासारखी एक रेघ होती. तो निदाशी काहीतरी बोलला.

"काय म्हणतो?" इब्राहीमने विचारलं.

"लवकर परत या म्हणतायत. तिकडे पाऊस आहे."

इब्राहीमने मान वर केली. बरोब्बर डोक्यावर आकाश निळं होतं, धुतल्यासारखं. "इथं कुठाय पाऊस?"

"तिकडे, अब्बा."

"तिकडचा तिकडे पडू दे."

मासूमा तंबूत बसली. सुशील तिच्यासोबत थांबला. "भाभी, आपण कॉफी पिऊ. दोघं येतीलच. इब्राहीमभाईंना आत चार पावलं टाकली की वर बघून चक्कर येईल."

घळीचं तोंड रुंद होतं, गाडी जाईल एवढं. मग ती वळली आणि आवळत गेली. पायाखाली मऊ, बारीक वाळू. तिच्यावर नागमोडी रेषा होत्या, कोणी बोटांनी ओढल्यासारख्या. वर निळ्या आकाशाची पट्टी राहिली. इब्राहीम ती पट्टी सोडून बाकी सगळं बघत होता. कड्याच्या भेगा, भेगांतून सुटलेले चिरे, चिऱ्यांखाली अडकलेले दगड. हा कसा राहिला. तो कशावर टेकलाय. मनात तो सारखा मोजमाप करत होता, हा सुटला तर कुठे पडेल, तो सुटला तर आपण कुठे असू. बरीच पावलं त्याने तोंड उघडं ठेवून श्वास घेतला.

वळणावर त्याने ती शिळा पाहिली.

दोन्ही कड्यांच्या मधे, एका ट्रकएवढी, तिरकी अडकलेली. एका बाजूला कोपऱ्यावर टेकलेली, दुसऱ्या बाजूला नुसती घासून थांबलेली. तिच्या खालून, पुरुषभर उंचीवर, कड्याला लागून एक कट्टा गेला होता. आत उतरता, मग शिळेखालून पुढे वर चढत जाणारा. चित्रं त्या कट्ट्याच्या वर होती. खालचा खडक साबणाच्या वडीसारखा गुळगुळीत होता, त्यावर एक रेघही नव्हती.

"वर चढून बघूया ना," निदा म्हणाली.

"नाय. तिच्याखाली नाय."

"अब्बा, ती शिळा हजारो वर्षं तिथेच आहे."

"पडायच्या आधी सगळंच हजार वर्षं तिथंच असतं. इथून बघ."

तिने नाक मुरडलं, पण वाळूतच थांबली. होय म्हटलं होतं. मोबाइल उंच धरून ती चित्रं काढू लागली. लांब शिंगांच्या गाई. एक सिंह, पाठ वाकवलेला. आणि मग ते सगळे, फोटोत नव्हते तेवढे, शिकाऱ्यांची रांगच. कमरेला दोर, दोरांना कुत्रे. कोणाचे दोन, कोणाचे आठ. एका शिकाऱ्याचे सगळे दोर ताणलेले, तो मागे झुकलेला.

इब्राहीम बघत राहिला. त्या झुकलेल्या माणसाच्या टाचा त्याला दिसल्या. कोरणाऱ्याने त्या जमिनीत रोवल्यासारख्या काढल्या होत्या. हे कोणी शिकवून येत नाही. हे कमरेला कळलेलं असावं लागतं. कितीतरी वेळाने त्याच्या ध्यानात आलं की आपण मघापासून वर, शिळेकडे, पाहिलेलंच नाही. त्याला हलकं वाटलं. हलकं वाटतंय हे कळताच पुन्हा भीती वाटली.

तेव्हाच त्याच्या गुडघ्यांखालून गार वारा गेला.

वरून नाही, समोरून नाही. घळीच्या आतल्या बाजूने, वाळूला लागून, एखादं जनावर पायांतून निघून जावं तसा. पायजम्याचे पाय फडफडले. मग थांबलं सगळं. कुठूनतरी गुरगुर आली, फार लांबची, रिफायनरीत एखादा पंप सुरू होतो तशी. इब्राहीमने ताबडतोब वर पाहिलं.

शिळा तिथेच होती. पण तिच्यावर, कड्याच्या काठावर, अबू सालेम उभा होता. उन्हाकडे पाठ, दोन्ही हात उंच. तो जिवाच्या आकांताने ओरडत होता.

"सैल! सैल! सैल!"

सैल. वर काहीतरी सैल झालंय. शिळेच्या बरोबर वर उभं राहून म्हातारा सांगतोय. इब्राहीमने एक हात उंच करून अंगठा दाखवला, समजलं, अशी साइटवरची खूण. म्हातारा क्षणभर थांबला, मान हलवली आणि काठावरून नाहीसा झाला.

इब्राहीमने निदाला दंडाला धरून ओढलं. तिचा मोबाइल वाळूत पडला. समोरच्या कड्यात, अगदी खाली, एक पोकळी होती, गुळगुळीत, गोल, दोन माणसं मावतील अशी. त्याने तिला त्यात घातलं आणि स्वतः पुढे उभा राहिला, पाठ बाहेर, तोंड तिच्याकडे. जे पडेल ते आधी आपल्यावर.

"हलू नको. मी सांगेपर्यंत हलायचं नाय."

"काय झालं? काय म्हणाले ते?"

"सैल म्हणाला. वरचं सैल झालंय. शिळा."

निदा त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. त्याचा घाम तिच्या कपाळावर पडला.

"अब्बा," ती म्हणाली, "त्यांना मराठी कुठून येणार?"

हे वाक्य त्या पोकळीत तसंच अधांतरी राहिलं. इब्राहीमला ते ऐकू आलं, कळलंही, पण कळून काही होईना. गुरगुर आता जवळ आली होती. ती पायांतून येत होती. वाळूचे कण वाळूवर नाचत होते.

"सैल," निदा पुटपुटली. शाळेतल्या बाकावर बसल्यासारखे तिचे डोळे वर गेले. "मतर... वादी... सैल. आठवीच्या अरबीत होतं." तिचा चेहरा एकदम उतरला. "अब्बा, पूर! पूर येतोय! सोडा मला, वर चढायचंय!"

इब्राहीमने मान वळवली. घळीच्या आतल्या वळणावरून पाणी आलं. पाणी म्हणायलाही त्यात काही नव्हतं. चार बोटं उंचीची एक तपकिरी जीभ, तोंडाशी फेस, काटक्या, उंटाच्या लेंड्या. ती वाळू चाटत, सावकाश, नागमोडी रेषांच्या वाटेनेच येत होती. तिच्या मागून तो आवाज येत होता आणि त्या आवाजाला उंची होती.

आयुष्यभर तो वर बघत राहिला होता.

"सोडा ना! कट्ट्यावर जाऊ!"

कट्टा शिळेखाली होता. "तिथं नाय," तो म्हणाला. त्याचा आवाज त्याला ओळखू आला नाही. "तिच्याखाली नाय, बाय. तिच्याखाली नाय." त्याचे दोन्ही हात तिच्या दंडांवर आवळले होते. त्याने त्यांना सांगितलं, सोडा. ते त्याचे हात होते, तारेचे दोर हाताळून लाकूड झालेले, आणि त्यांनी ऐकलं नाही. त्याने पुन्हा सांगितलं. बोटं आणखी रुतली. निदा ओरडली, त्याच्या छातीवर डोकं आपटू लागली, "लीव मी, अब्बा, प्लीज, लीव मी!" पाणी त्याच्या घोट्यांना लागलं. गार, जड, वाळूने भरलेलं. आपण पोरीला धरून बुडवणार आहोत, हे त्याला एखाद्या दुसऱ्याच माणसाबद्दल कळावं तसं स्पष्ट कळलं, आणि तरी हात सुटेनात.

मग निदाने धडपड थांबवली. तिने त्याच्या डोळ्यांत पाहिलं आणि मराठीत, खणखणीत, मचव्याच्या पुढच्या टोकावरून द्यावा तसा हुकूम दिला.

"सैल सोड!"

हात उघडले.

त्याने उघडले नाहीत. ते आपोआप उघडले, बापाच्या मचव्यावर उघडायचे तसे. निदा त्याच्या बगलेखालून निसटली, पाण्यातून पलीकडे धावली, कट्ट्याच्या कडेला लोंबकळली. तिचे पाय गुळगुळीत खडकावर घसरले, दोनदा घसरले. तोवर तो पोचला होता. त्याने खांदा खाली लावला, ती वर गेली. मग तिने खाली हात दिला. पाणी त्याच्या मांडीला होतं. एक ओंडका त्याच्या कमरेला घासून गेला. तो कसा चढला हे त्याला नंतर कधीच आठवलं नाही.

कट्टा इतर ठिकाणी वीतभर रुंद होता. उभं राहता येईल अशी जागा एकच होती, शिळेच्या पोटाखाली. ते दोघं तिथे उभे राहिले.

वळणावरून मग खरं पाणी आलं. ते घळीच्या भिंती घासत आलं, त्यात अख्खी झुडपं होती, एक मेलेली बकरी होती, गोल फिरणारी. मघाची पोकळी एका क्षणात भरली आणि तिथे भोवरा झाला. तो बघताना इब्राहीमला उमगलं की ती जागा घासून इतकी गोल करून ठेवली होती ती याच पाण्याने. पाणी चढलं. गुळगुळीत खडकाच्या वरच्या कडेला येऊन थांबलं, चित्रांच्या पायाशी, बरोबर तिथे. त्या टाचा रोवलेल्या माणसाच्या खाली दोन वितींवर.

डोक्यावर शिळा होती. हात वर केला असता तर लागली असती. पाण्याच्या हादऱ्याने ती थरथरत होती, किंवा तो थरथरत होता. वरून बारीक भुगा पडला, त्याच्या मानेवर, सदऱ्याच्या आत. त्याने डोळे मिटले, तर चपटा ग्लास दिसला. उघडले तर पाणी. मदरशात पाठ केलेलं सगळं तो ओठांत म्हणू लागला. म्हणता म्हणता एका ठिकाणी तोच शब्द आला, सैल. लहानपणापासून शेकडो वेळा जिभेवरून गेलेला. तो मधेच थांबला. पुढचं आठवेना.

निदा त्याला लागून उभी होती, पण त्याला धरून नव्हती.

*

दुपार कलली तेव्हा पाणी ओसरलं. घळीत गुडघाभर चिखल राहिला. तंबूत पोचल्यावर मासूमा निदाला मिठीत घेऊन खूप वेळ रडली, मग नवऱ्याकडे वळून म्हणाली, "अल्लाने तुम्हाला तिच्यासोबत पाठवलं. मी गेले असते तर काय केलं असतं मी?"

इब्राहीम तंबूच्या कडेला बसला. अंगावरचा चिखल वाळून तडकत होता. नजर जमिनीवरून हलत नव्हती. सतरंजीची कड, कडेखालून आलेली वाळू, वाळूतली एक ओली मुंगी. तंबूचा मधला खांब कसा बांधलाय हे त्याने आल्यापासून पाहिलं नव्हतं.

सुशीलच्या जिवात आता जीव आला होता आणि त्यामुळे त्याची जीभही सुटली होती. "गाडी वाहून जायचीच होती हो! हा म्हातारा वरून धावत आला, मला ढकललं स्टिअरिंगवर, यल्ला यल्ला! मी गाडी वर काढतोय आणि मागून समुद्र. मी म्हटलं, अरे ती दोघं? तर हा असा अंगठा दाखवतो. म्हणजे सगळं ठीक. मला वाटलं तुम्ही कुठूनतरी वर चढून कधीच निघालात. नेमकं काय झालं आत?"

"अब्बांनी मला वर चढवलं," निदा म्हणाली. तिने कुर्त्याच्या बाह्या मनगटापर्यंत ओढून घेतल्या होत्या. डाव्या दंडाशी कापड चिकटलं होतं. ती हात अंगापासून जरा दूर धरून बसली होती.

"वा! इब्राहीमभाई आणि उचलणार नाहीत? जन्म गेला त्यांचा उचलण्यात." सुशील हसला. "आणि ती शिळा? तिच्याखाली उभे राहिलात म्हणे! आता घरी गेल्यावर पलंग सरळ करा, काय भाभी?"

मासूमाही रडता रडता हसली. "करतील कसले."

अबू सालेम कॉफी घेऊन आला. पहिली वाटी त्याने इब्राहीमपुढे धरली. इब्राहीमने ती घेतली. मग म्हातारा त्याच्यासमोर उकिडवा बसला आणि हळू, समजावून विचारावं तशा आवाजात काही बोलला. बोलताना त्याने स्वतःचा हात उंच करून अंगठा दाखवला. रागाने नाही. त्याचे डोळे लाल होते. या माणसाने दुपारभर काठावर बसून काय काय पाहिलं असेल, ते त्या डोळ्यांत होतं.

"काय विचारतोय?" सुशील म्हणाला.

निदाने बाही आणखी खाली ओढली.

"अगं, सांग की."

"विचारतायत..." ती थांबली. बापाकडे न बघता तिने उरलेलं एका दमात सांगितलं. "म्हणतायत, मी ओरडलो तेव्हा तुम्ही हात करून सांगितलंत की समजलं. म्हणून मी गेलो. मग तुम्ही निघाला का नाहीत?"

म्हातारा वाट पाहत होता. मासूमाने नवऱ्याकडे पाहिलं, मग मुलीच्या बाह्यांकडे पाहिलं, आणि तिथेच बघत राहिली.

निदाने अरबीत उत्तर दिलं. लांबलचक नव्हतं. इब्राहीमला त्यातलं काही कळलं नाही. फक्त एक शब्द कळला. तो दोनदा आला, सैल, आणि पुन्हा सैल. तिने दोन्ही वेळा तो सारखाच उच्चारला. त्यातला कोणता पाण्याचा होता आणि कोणता हाताचा, हे त्याला ओळखता आलं नाही.

म्हाताऱ्याने सावकाश मान वळवून इब्राहीमच्या हातांकडे पाहिलं. वाटीभोवती ते हात घट्ट आवळलेले होते.

"अहो, म्हणजे काय झालं नेमकं?" सुशील अर्धवट हसत म्हणाला. "आम्हालाही कळू द्या."

इब्राहीमने वाटी सतरंजीवर ठेवली. बोटं एकेक करून सोडवावी लागली. तो उठला, मधल्या खांबाजवळून, वर न बघता, एकेका पावलापुढची जमीन निरखत तंबूच्या दारापर्यंत गेला आणि बाहेर निघून गेला.